राखाडी प्रत

एका फेरीच्या सात प्रती असतात.
पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे,
गुलाबी घेणाऱ्याची, नारिंगी गाडीवाल्याची,
मग हिरवी, निळी,
आणि माल परराज्यातून निघाला असेल
तर शेवटची राखाडी,
पोरगी सासरी पोचली की
माहेरी कळवतात तशी.

पैनगंगेपलीकडून साहेबांचा फोन आला,
"मॅडम, ग्रे कॉपी रालेदु."
माझ्या कपाटात हिरवी होती.
चौदा तारीख, रात्री अकरा दहा,
मिळाल्याचा गोल, जाड, जांभळा शिक्का.
आणि पडद्यावर ठिपका:
नदी ओलांडून, पांढरकवड्यावरून वर,
कुठेही न थांबता
थेट कारखान्याच्या फाटकात.

तरी मी नाक्यावर उतरले.

पोचन्ना येल्टीवारचं पंक्चरचं दुकान म्हणजे
एक टिनाचं छप्पर, पाण्याचं टोपलं,
आणि पाठीवर पाढे छापलेली शाळेची वही.
वही उधारीची. नंबर, टायर, बाकी.
त्यानं बोट थुंकीनं ओलं करून
पान काढलं.
चौदा, संध्याकाळी सात, टँकर, मागचा डावा, भरलेला.
चौदा, रात्री साडेदहा, तोच टँकर, तोच टायर, रिकामा.
ऐंशी रुपये बाकी.

"रिकामा कशावरून?"
"भरली गाडी टायरले दाबते ना जी.
जॅक लावला का हातालेच समजते.
ड्रायव्हर खोटं बोलन, टायर कायले बोलन?
अन् तुमी त्याले धरलं, त
मायेवाले ऐंशी बी सांगजा."

कागद दीडशे किलोमीटर गेला होता,
टायर जेमतेम अठरा.
ठिपक्याचं नंतर कळलं.
डबी काढून दुसऱ्या ट्रकात ठेवली होती,
हरभऱ्याच्या पोत्यांवर बसून
ती नियमानुसार पोचली.

घोडदऱ्याचा नाला सडकेवरून दिसत नाही.
पोडावरची भीमबाई टेकाम पुढे चालली,
मी मागे, बाटल्या, लाख, काडेपेटी घेऊन.
"आधी खेकडे आले वर," ती म्हणाली,
"भरदुपारी, आपल्या पायानं.
आमी खुश झालो. टोपलं आनलं.
मंग पायलं, त त्याइच्या नांग्या गळून पडत होत्या."

पाण्यावर साय होती,
मोरपिसासारखी चमकणारी. सुंदरच म्हणायची.
दोन्ही काठांना बोराटीच्या काट्या रचलेल्या,
कमरेएवढ्या, नीट, एकीत एक अडकवून.
"कोणी सांगितलं?"
"कोन सांगन? गुरं जातेत ना.
रोज एक भारा टाकतो. वाळल्या का नव्या."
सरकारी फलकाची मागणी
मी त्याच संध्याकाळी केली.
अजून मंजुरीत आहे.

बाटलीवर चिठ्ठी: ठिकाण, वेळ, कोणी घेतला, कोणाला दिला.
अहवाल पंचेचाळीस दिवसांनी.
लाख वितळवताना भीमबाईनं ज्योतीला हाताचा आडोसा केला.
तिच्या तळव्याची साल निघत होती.
ते लिहायला चिठ्ठीवर रकाना नव्हता.

पोचन्नानं वही दिली नाही.
"यात साऱ्या गावाची उधारी हाय, मॅडम.
नेली, त मी खाऊ काय?"
फोटो काढला. पण कागद तो कागद.
पिशवीत कोऱ्या अर्जांचा एक संच होता.
पंक्चरच्या बाकड्यावर बसून
मी राखाडी प्रत फाडली आणि भरली.
गाडी क्रमांक. मालाचं स्वरूप: माहीत नाही, झोंबतं.
घेणाऱ्याचं नाव: घोडदऱ्याचा नाला, मुक्काम कोलाम पोड.
क्षमता, परवाना क्रमांक: रेघ.
शिक्क्याच्या चौकोनाशी पेन अडला.
तो तसाच सोडला.

नियमात हे बसत नाही, हे मला ठाऊक आहे.
स्पष्टीकरण मागवलंय, देईन.

नवव्या दिवशी नदीपलीकडून फोन.
साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत,
मागे कोणीतरी टाइप करत होतं.
मग म्हणाले, "मॅडम, वच्चिंदि."
आलं.

पोचन्नाचे ऐंशी अजून बाकी आहेत.